पाच इंच, सव्वाचार की तीन? १९११ पिस्तुलाच्या नळीबद्दल

डॅलसहून एका तरुण मित्राने विचारलं आहे: "काका, पहिलं १९११ घ्यायचंय. महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर नेईन आणि जमलं तर कमरेलाही लावेन. दुकानात पाच इंची, सव्वाचार इंची आणि तीन इंची अशा तिन्ही नळ्यांची मिळतात. दुकानदार म्हणतो, सगळी सारखीच. रेंजवरचे म्हातारे म्हणतात, तीन इंचीच्या नादी लागू नकोस, ते अडकतं. खरं कोणाचं?"

म्हाताऱ्यांचं. फक्त ते कारण चुकीचं सांगतात.

त्यांच्या मते नळी आखूड असल्यामुळे पिस्तुलाला "पुरेसा जोर" मिळत नाही. तसं नाही. नळी बिचारी निर्दोष आहे. नळीबरोबर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, आखूड होते, स्लाइडबरोबर तिला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगची जागा आखडते, आणि या सगळ्यात जी गोष्ट खरोखर कमी पडते ती म्हणजे वेळ. मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टूलरूम फिटर. गेली वीस-बावीस वर्षं ओहायोतल्या एका छोट्या दुकानात मागच्या बाकावर बसून लोकांची अडकलेली पिस्तुलं सोडवतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी यंत्र समजून घ्या. १९११ हे सिंगल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे घोडा आधी मागे ओढलेला असेल तरच चाप दाबून तो सुटतो. गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात, नळीच्या पाठीवरचे उंचवटे स्लाइडच्या आतल्या खाचांत बसलेले. दोघी जोडीने थोडंसं मागे सरकतात. तेवढ्यात गोळी बाहेर गेलेली असते. मग नळीच्या बुडाखालची लिंक नावाची छोटी कडी नळीची मागची बाजू खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टर रिकामी पुंगळी ओढून नेतो, ती इजेक्टरवर आपटून बाहेर उडते, घोडा मागे पडतो, स्प्रिंग दबते. परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या डबीतलं, वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळीत, नेते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

१९११ चा रचनाकार जॉन ब्राउनिंग. त्याने हे गणित पाच इंची नळीवर बसवलं, आणि तेही एकाच काडतुसासाठी: .४५ एसीपी, २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोल नाकाची गोळी, वेग सेकंदाला साधारण ८३० फूट. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने शेवटची चाचणी घेतली. एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या. दर १०० गोळ्यांनंतर थंड करायला थांबायचं, दर १,००० नंतर साफ करून तेल द्यायचं. कोल्ट कंपनीने बनवलेलं हे ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं ३७ वेळा अडकलं. २९ मार्चला कोल्ट स्वीकारलं गेलं आणि १९८५ मध्ये बेरेटा येईपर्यंत ते सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. मधे १९२० च्या दशकात ए१ नावाची सुधारित आवृत्ती करताना चाप आखूड केला, मुठीमागचा भाग फुगीर केला, पण नळी, स्लाइड आणि स्प्रिंगच्या हिशेबाला कुणी हात लावला नाही. "१९११ ही मुळातच नखरेल बंदूक" असं कुणी म्हणालं की मी या चाचणीची आठवण करून देतो. नखरे नंतरच्या लोकांनी शिकवले.

आता तीन इंचीकडे येऊ. खरं दुखणं इथेच आहे.

आमच्याकडे गुऱ्हाळावर चरकात ऊस घालणारा माणूस असतो. चरकाचा वेग आणि त्याच्या हाताचा वेग जुळलेला असतो. मालकाने चरक जोरात फिरवला आणि माणूस तोच ठेवला, तर कधी चरक रिकामा फिरतो, कधी ऊस आडवा घुसतो. १९११ मध्ये ऊस घालणारा म्हणजे मॅगझिनची स्प्रिंग. स्लाइड काडतुसाच्या बुडाच्या मागे जाऊन परत येते, तेवढ्या वेळात या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर उचलून मॅगझिनच्या ओठांशी, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांशी, आणून ठेवायचं असतं. पाच इंचीत स्लाइड बुडाच्या बरीच मागे जाते, उसंत मिळते. तीन इंचीत ती जेमतेम बुडामागे जाते आणि लगेच परत फिरते.

शिवाय ती वेगाने फिरते. आखूड स्लाइड हलकी, त्यामुळे त्याच धक्क्याने ती जास्त वेगात मागे येते. तिला आवरायला जाड स्प्रिंग घालावी लागते. पाच इंचीत .४५ साठी १६ पौंडांची स्प्रिंग ठरलेली, सव्वाचार इंचीत १८, आणि साडेतीन-तीन इंचीत २२ च्या पुढे, बहुतेकदा एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा. जाड स्प्रिंग स्लाइडला मागे जाताना आवरते खरी, पण परत येताना तितक्याच जोरात ढकलते. म्हणजे दोन्हीकडून चरकाचा वेग वाढला आणि ऊस घालणारा तोच राहिला.

मग काय होतं? स्लाइड काडतुसाच्या बुडाऐवजी त्याच्या कमरेवर आदळते आणि काडतूस नाक वर करून अडकतं. किंवा स्लाइड काडतुसावरून घसरत रिकाम्या चेंबरवर बंद होते आणि चाप दाबला की नुसतं 'टक'. हे बहुतेक वेळा मॅगझिनमधल्या शेवटच्या काडतुसाला होतं, कारण तेव्हा मॅगझिनची स्प्रिंग सगळ्यात सैल असते. गिऱ्हाईक "शेवटचीच गोळी अडकते हो" म्हणत आत आलं, की पिस्तूल हातात घेण्याआधीच माझं निम्मं निदान झालेलं असतं.

दुसरं दुखणं नळीच्या तिरकेपणाचं. सुटताना नळीचं बूड खाली जातं तेव्हा तोंड वर होतं. बूड तितकंच खाली न्यायचं आणि नळी मात्र आखूड, म्हणजे कोन जास्त तीव्र. पाच इंचीत नळीच्या तोंडाशी बुशिंग नावाची कडी असते, तिच्यात एवढा कोन मावत नाही. म्हणून १९७० च्या दशकात डेटॉनिक्सने साडेतीन इंची पिस्तूल काढलं तेव्हा बुशिंगच काढून टाकलं आणि नळीचं तोंड शंकूसारखं जाड केलं. आजची बहुतेक तीन इंची पिस्तुलं याच वाटेने जातात. युक्ती चांगली आहे, फक्त पिस्तूल उघडून साफ करणं किचकट होतं. पहिल्या वेळी स्प्रिंग छताला लागेल. चष्मा घाला.

तिसरं, स्प्रिंगचं आयुष्य. आखूड जागेत ती जवळजवळ पूर्ण चेपली जाते, म्हणून लवकर मरते. पाच इंचीची स्प्रिंग मी साधारण ३,००० गोळ्यांनी बदलतो. तीन इंचीची ८०० च्या आसपास, आणि ज्याच्या जिवावर बेतू शकतं अशा पिस्तुलात त्याही आधी. मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ तीन इंची घेऊन आले. सहा वर्षं वापरात, आधी सुरळीत, आता दर मॅगझिनला एकदा अडकणार. त्यांनी नवी मॅगझिनं घेतली होती, गोळ्यांचे चार प्रकार बदलले होते, एक्स्ट्रॅक्टरसुद्धा बदलून घेतला होता. स्प्रिंग मूळचीच. नवी शेजारी ठेवली तर जुनी अर्धा इंचाहून जास्त बसलेली. एवढ्याशा स्प्रिंगेसाठी माणसाने तीनशे डॉलर घातले होते.

आणि मनगट. यंत्राला मागे जायला घट्ट आधार लागतो. मनगट सैल असेल तर फ्रेमही, म्हणजे मुठीसकट खालचा सांगाडाही, स्लाइडबरोबर मागे येते आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. पाच इंची हे बरंच पोटात घालतं, तीन इंची अजिबात नाही. मनगट सैल सोडणाऱ्यांत मी सहा फुटी पैलवान पाहिलेत. जखमी किंवा दमलेल्या माणसाचं मनगट सैलच असणार, हाही विचार करा.

आता मधलं, माझं आवडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याला अधिकाऱ्यांसाठी हलकं पिस्तूल हवं होतं. कोल्टने स्लाइड पाऊण इंचाने कापली, नळी सव्वाचार इंची केली आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची बनवली. सैन्याने ते घेतलं नाही. कोल्टने १९५० च्या सुमारास तेच 'कमांडर' नावाने बाजारात आणलं, आधी ९ मिमी काडतुसासाठी, मग .४५ आणि .३८ सुपरसाठी. पोलादी फ्रेमचं रूप १९७० मध्ये आलं. कमांडरमध्ये स्लाइडचा मागचा प्रवास पाच इंचीपेक्षा फार कमी होत नाही, बुशिंगही ठेवता येतं, स्प्रिंग जरा जाड, बस. मॅगझिन तेच, मूठ तीच. माझ्या बाकावर येणाऱ्या पिस्तुलांवरून सांगतो, पाच इंची आणि कमांडर यांच्यात भरवशाचा फरक मला दिसत नाही. दरी सुरू होते ती चार इंचांच्या खाली. कोल्टच्याच १९८५ च्या साडेतीन इंची ऑफिसर्स मॉडेलपासून ती दिसते, आणि १९९८ च्या तीन इंची डिफेंडरनंतर जी लाट आली तिच्यात ती रुंदावली. चांगली तीन इंची असतात. पण पाच इंची खूप हयगय सहन करतं. तीन इंचीला वेळेवर स्प्रिंग, नेमकं मॅगझिन, योग्य काडतूस आणि घट्ट मनगट, चारही एकदम लागतात.

लपवण्यासाठी तीन इंची लागतं, हाही गैरसमज. कमरेच्या आत खोवलेल्या पिस्तुलाची नळी कुणाला दिसत नाही, ती पँटमध्ये असते. शर्टातून उठून दिसते ती मूठ. लपवायचंच असेल तर मूठ आखूड घ्या आणि नळी सव्वाचार इंची ठेवा, अशी जोडणी मिळते. आखूड मूठ आणि आखूड नळी एकत्र घेतली की हातात धरायला जागा नाही आणि धक्का मात्र पुरेपूर.

वेगाबद्दल थोडक्यात. .४५ ची जड गोळी मुळातच हळू. पाच इंचीवरून तीन इंचीवर आलात की सेकंदाला साधारण ८० ते १०० फूट घटतात. कागदाला त्याचं काही नाही. पण पोकळ नाकाची गोळी ठरावीक वेगाखाली नीट उमलत नाही, म्हणून आखूड नळीसाठी बनवलेली वेगळी काडतुसं मिळतात. अचूकतेबद्दल काळजी नको. बाकावर जखडून मारलं तर तीन इंचीसुद्धा गोळ्या छान जवळजवळ पाडतं. हातात नेम चुकतो तो नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीमधलं अंतर कमी झाल्यामुळे.

एक गोष्ट मात्र तीन इंचीच्या बाजूने. ती ९ मिमीमध्ये घेतलीत तर बराच त्रास वाचतो. .४५ काडतुसाची कमाल लांबी १.२७५ इंच, ९ मिमीची १.१६९. काडतूस आखूड, म्हणजे स्लाइडला तेवढ्याच प्रवासात जास्त उसंत. धक्का कमी, स्प्रिंग मऊ, आणि ९ मिमीची पुंगळी पुढे किंचित निमुळती असल्यामुळे चेंबरमध्ये सहज सरकते. .४५ वाले नाक मुरडतात. मुरडू देत.

ब्राउनिंगचंच दुसरं अपत्य इथे आठवतं. हाय-पॉवर नावाचं पिस्तूल त्याने एका बेल्जियन कंपनीसाठी सुरू केलं, तो १९२६ मध्ये लिएजला वारला, आणि द्यूदोने सॅव्हने ते पूर्ण करून १९३५ मध्ये बाजारात आणलं. ९ मिमी, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, नळी ४.६५ इंच, तेही सिंगल अ‍ॅक्शन. लिंकच्या जागी नळीखाली कोरलेली घट्ट वाट आहे, म्हणजे झिजायला-तुटायला एक भाग कमी. हेच पिस्तूल भारतात पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत '९ मिमी १ए' म्हणून बनलं. माझा मावसभाऊ सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होता. सुट्टीवर आला की त्याच्या तोंडी एकच वाक्य: "पिस्तूल नाही रे बिघडत, मॅगझिन बिघडतं." मी हे काम अमेरिकेत येऊन शिकलो, पण मूळ धडा गडहिंग्लजच्या ओसरीवर मिळाला होता. भारतातल्या वाचकांनी हे वाचून ९ मिमी शोधायला निघू नये, तिथे सामान्य नागरिकाला तो बोअर, म्हणजे नळीचा तो व्यास, निषिद्ध आहे. हा सल्ला अमेरिकेतल्या माणसासाठी आहे.

मॅगझिनचं म्हणणं शंभर टक्के खरं. माझ्याकडे "अडकतं" म्हणून आलेलं १९११ मी पहिल्यांदा स्वतःच्या खात्रीच्या मॅगझिनने चालवून बघतो. निम्म्याहून जास्त वेळा दुखणं तिथेच संपतं. जुन्या सैनिकी मॅगझिनचे ओठ मागून पुढे हळूहळू उघडत जातात, त्यामुळे काडतूस सुटेपर्यंत धरलेलं राहतं. गोल नाकाच्या गोळीसाठी ते उत्तम. नेमबाजीच्या चपट्या नाकाच्या गोळ्यांसाठी बनलेल्या मॅगझिनचे ओठ काडतूस लवकर आणि एकदम सोडतात. मधले, संकरित ओठही मिळतात, पोकळ नाकाच्या गोळ्यांना मी तेच वापरतो. सातच्या जागी आठ काडतुसं बसवणाऱ्या मॅगझिनांत स्प्रिंगला जागा कमी उरते. काही कंपन्यांनी ते छान सोडवलंय, पण प्रदर्शनातून पाच डॉलरला उचललेल्या डब्यात नाही.

त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर. १९११ चा एक्स्ट्रॅक्टर हीच एक लांब स्प्रिंग असते, त्याचा ताण हाताने वाकवून बसवावा लागतो. काडतूस मॅगझिनमधून वर येता येता त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते, अशी मूळ रचना. म्हणून चेंबरमध्ये सुटं काडतूस टाकून त्यावर स्लाइड आपटायची सवय असेल तर सोडा, आकडा बाहेर फेकला जाऊन ढिला होतो. तपासायचं असेल तर पिस्तूल रिकामं करून स्लाइड उतरवा आणि एक डमी काडतूस आकड्याखाली सरकवा. स्लाइड हलकेच हलवली तरी ते पडता कामा नये, आणि सरकवताना अंगठा दुखता कामा नये.

फीड रॅम्पला, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये चढवणाऱ्या उताराला, मात्र हात लावू नका. पहिल्या वर्षी मी उत्साहात एका अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचा रॅम्प फिरत्या यंत्राने आरशासारखा चकचकीत केला. वरचा कडक थर गेला, खालचा मऊ धातू उघडा पडला आणि काडतुसांच्या नाकांनी तिथे खड्डा पाडला. फ्रेम गेली, पगारातून भरून दिली. दोन-तीन थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काम होतं, मी दहा काढले. नवीन पिस्तूल अडकत असेल तर कारण जवळजवळ कधीच खरखरीत रॅम्प नसतं.

तुम्हाला एकच पिस्तूल घ्यायचंय ना? मग सव्वाचार इंची घ्या. रेंजवर दिवसाला दोनशे गोळ्या मारणार असाल तर पोलादी फ्रेम, जास्त कमरेला राहणार असेल तर हलकी. .४५ चा हट्ट नसेल तर ९ मिमी, काडतुसंही स्वस्त पडतात. फक्त रेंजसाठीच असेल तर पाच इंचीसारखं सुख नाही. तीन इंची दुसरं पिस्तूल म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको, कारण अडकलं तर चूक तुमच्या हाताची की यंत्राची हे तुम्हाला अजून कळणार नाही.

घेतल्यावर साफ करा, स्लाइड ज्यांवर सरकते त्या रुळांना तेल द्या, कोरडं १९११ कुरकुरतं. मग २३० ग्रेनच्या गोल नाकाच्या २०० गोळ्या मारा, ९ मिमी असेल तर ११५ किंवा १२४ ग्रेनच्या. त्यानंतर कमरेला जे काडतूस ठेवणार तेच निदान शंभर. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला पक्क्या शाईने आकडा घाला: १, २, ३. अडकलं की छोट्या वहीत टिपा: कितवी गोळी, कोणतं काडतूस, कितवं मॅगझिन. पाचशे गोळ्यांनंतर वही उघडा. सगळी अडकणी २ नंबरसमोर दिसली तर पिस्तूल माझ्याकडे पाठवू नका. ते मॅगझिन हातोड्याने चेपा आणि कचऱ्यात टाका, नाहीतर रेंजवरचा कुणीतरी उचलून नेईल आणि तो माझ्या बाकावर येईल.